व्याह्यांचं नाक

देवानं माणसाला नाक दिलं ते श्वास घ्यायला आणि चष्मा टेकवायला, असं मी सदुसष्ट वर्षं समजत होतो. आमच्या व्याह्यांच्या बाबतीत मात्र देवानं आधी नाक घडवलं आणि ते ठेवायला जागा हवी म्हणून बाकीचा माणूस केला. त्यांची सगळी हयात सांगलीच्या हळदीच्या बाजारात गेली. सौद्याच्या वेळी पोत्यातून एक हळकुंड काढायचं, कटकन मोडायचं, नाकाशी धरायचं आणि हळद कुठं भिजली, कशी साठवली, हे सांगून मोकळं व्हायचं. बाजारात भलेभले म्हणे त्यांच्या नाकपुड्यांवर नजर ठेवून असत. तिथवर ठीक होतं. पण ते नाक बाजारात काढून ठेवून यायची सोय नव्हती. सोयरीक झाल्यापासून ते आमच्या साताऱ्याच्या घरी येत राहिलं, आणि मी दमलो.

सुरुवात लग्नातच झाली. व्याहीभेटीला आमच्यात अत्तर लावून गळाभेट घ्यायची रीत आहे. मी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. मानपानात कमी पडू नये म्हणून चांगली मोठी बाटली आणली होती. व्याह्यांच्या मनगटाला अत्तर लावलं, दोन्ही हात पसरले, आणि व्याह्यांनी मांडवाचा खांब धरून लागोपाठ चौदा शिंका दिल्या. फेटा खाली पडला. आमच्या थोरल्या बहिणीनं मुलाकडच्यांचा अपमान झाला म्हणून तोंड फिरवलं. व्याही डोळे पुसत म्हणाले, "पाव्हणं, राग मानू नगा. ह्यात फूल कुटंच न्हाई. नुसतं औषीद हाय." गळाभेट राहिली ती राहिलीच. आल्बममधल्या फोटोत मी हात पसरून उभा आहे आणि समोर कुणीच नाही.

फौजी माणसाचं आणि कँटीनचं नातं बाहेरच्याला कळायचं नाही. महिन्याला कार्ड घेऊन जायचं आणि दोन पिशव्या भरून आणायच्या, हा निवृत्तीनंतरचा माझा एकमेव पराक्रम. भांड्यांना लिंबाच्या वासाचं लिक्विड, फरशीला लॅव्हेंडरचं, कपड्यांच्या शेवटच्या पाण्यात घालायचं निळं काहीतरी, संडासात टांगायची गुलाबी वडी, आणि हॉलमध्ये फवारायचा मोगऱ्याचा डबा. व्याही दारात चपला काढता काढता ही सगळी यादी क्रमानं म्हणून दाखवत. चहा अर्धाच पीत, का तर "कप धुतल्याला साबण अजून कपातच हाय." मुक्कामाला येताना रिठ्यानं धुतलेली आपली चादर, आपला टॉवेल आणि उशीचा अभ्राही घेऊन येत. पोवई नाक्यावर एकदा माझ्याबरोबर रिक्षात बसले आणि पुढं टांगलेली वासाची बाटली काढ म्हणून अडून बसले. रिक्षावाला म्हणाला, "आवं आजोबा, गाडीला चांगला वास नगं व्हय?" तर हे म्हणतात, "गाडी धू की गड्या. धुतल्यावर वासच येत न्हाई." शेवटी आम्ही दोघं भर उन्हात चालत घरी आलो. वाटेत मी एक शब्द बोललो नाही आणि त्यांना त्याचा पत्ताही लागला नाही.

त्यांचं म्हणणं एवढंच असे, की चांगल्या मालाला वरून काही लावावं लागत नाही. कुणी हळदीला वरून रंग चढवला, की आत काहीतरी झाकायचं आहे हे त्यांना लगेच कळे. तोच न्याय त्यांनी आमच्या घराला लावला. आता तुम्हीच सांगा, मुलाच्या सासऱ्यानं हॉलच्या मधोमध उभं राहून "हितं काय झाकलंय?" असं विचारलं तर माणसानं काय करावं? बायको आत जाऊन भांडी आपटायची आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. त्यांची परतीची एसटी सुटली, की मी आधी मोगऱ्याचा डबा हातात घ्यायचो.

मग आमची नात ओवी अडीच वर्षांची झाली आणि तिला खोकला लागला. साधा नव्हे. झोपवली की छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा, बरगड्या आत ओढल्या जायच्या. डॉक्टरांनी तोंडाशी धरायचा पंप दिला. आम्ही सगळे घाबरून गेलो, आणि घाबरलेली माणसं जे करतात ते आम्ही केलं: आणखी साफसफाई. धूळ नको म्हणून तिच्या खोलीच्या खिडक्या बंद केल्या. फरशी दिवसातून दोनदा पुसली. तिची पांघरुणं त्या निळ्या पाण्यात दुप्पट औषध घालून बुडवली. पोर खोकली की बायको फडकं घेऊन धावायची. पोर आणखी खोकायची.

सूनबाईनं सांगलीला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी व्याही दारात. ते ओवीच्या खोलीच्या उंबऱ्याशी आले आणि तिथंच थांबले. सांगलीकडं हळद साठवायला जमिनीत खोल पेवं खणतात. पेव उघडलं की आतली कोंडलेली हवा माणसाचा जीव घेते, म्हणून आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडतात. तो विझला तर कुणी उतरत नाही. व्याही माझ्याकडं न बघता म्हणाले, "पाव्हणं, पेवात आमी आदी कंदील सोडतो. तुमी लेकरू सोडलंय."

मला भयंकर संताप आला. तीस वर्षांच्या नोकरीत मला असं कुणी बोललं नव्हतं. पण सूनबाई गुपचूप उठली आणि तिनं दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. व्याह्यांनी संध्याकाळपर्यंत एकेक बाटली उचलून गॅलरीत नेऊन रांगेत लावली, आणि कवायतीला उभी केल्यासारखी ती रांग मी नुसता बघत बसलो. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, सगळ्यांनाच असा त्रास होतो असं नाही, पण काही मुलांच्या छातीला हे वास सोसत नाहीत. बंद करून बघा, पंप मात्र बंद करू नका. आम्ही बंद करून बघितलं. महिन्या-दीड महिन्यात ती शिट्टी कमी होत गेली. मी सगळ्यांना सांगितलं, हवा बदलली. व्याह्यांना मात्र मी काहीच सांगितलं नाही, याची मला आता लाज वाटते.

गेल्या थंडीत व्याह्यांना मोठा ताप येऊन गेला. त्यानंतर गुडघे दुखतात म्हणून ते बाजारात जायचे बंद झाले. परवा ते आले, ते नेमके मी एका लग्नाहून परतलो तेव्हा. शर्टाला तिथल्या पोरांनी भरपूर अत्तर फासलेलं. आता चौदा शिंका, म्हणून मी भिंतीला टेकून उभा राहिलो. तर व्याही सरळ पुढं आले आणि त्यांनी मला मिठी मारली. फोटोत राहून गेलेली गळाभेट इतक्या वर्षांनी झाली. मला क्षणभर फार बरं वाटलं, आणि मग कळलं.

"कवापासनं?" मी विचारलं.

"तापापासनं. कायबी येत न्हाई बगा. हळकुंड मोडलं काय आन काडी मोडली काय." मग आवाज उतरवून म्हणाले, "घरात सांगू नगा. पोरीच्या खोलीत तेवढा तुमी एकदा वास घ्या."

मी आधी शर्ट बदलून आलो. मग उंबऱ्याशी उभा राहिलो आणि जन्मात पहिल्यांदा नीट लक्ष देऊन वास घेतला. म्हणालो, "कायबी येत न्हाई, पाव्हणं. हितं काय झाकल्यालं न्हाई."

त्यांनी मान हलवली आणि ते खुर्चीत टेकले. तेवढ्यात ओवी अंगणातून पळत आली आणि त्यांच्या मांडीवर चढली. सवयीनं त्यांनी तिच्या डोक्यावर नाक टेकवलं, मोठा श्वास घेतला, आणि तसेच थांबून राहिले. मग तिचं डोकं हळूच माझ्याकडं वळवून म्हणाले, "हिचा कसा येतोय, तेवढं सांगा की."

मी वाकलो. "खोबरेल तेल," मी म्हणालो. "घाम. आन थोडी माती."

"व्हय," ते डोळे मिटून म्हणाले, "तसाच यायचा."