कुठल्या गावचे, असं विचारणारा मध्यस्थ

हिरामणकाका उभ्याने कुणाला उत्तर लिहीत नाहीत. लिहिण्याआधी हात धुतात. भांडणाऱ्या दोघांपैकी ज्याचा राग येतो, त्याचं आधी वाचतात, तेही मोठ्याने. एका बोटाने टाइप करतात. चहा दोन कप लागतो आणि दुसरा नेहमी अर्धा उरतो.

काका मूळचे पेणच्या खाडीकाठचे. आता वरसे गावात राहतात, रोह्याजवळच्या एका कंपनीत शिफ्ट करतात. मी शेजारची, मराठीची एम.ए. दोन वर्षं मला वाटायचं, हे मोबाइलवर पत्ते खेळतात. मग एकदा त्यांनी इंग्रजी तपासायला बोलावलं आणि मी बघतच राहिले. काका एका ऑनलाइन ज्ञानकोशाचे बिनपगारी मध्यस्थ होते.

समोर दूरच्या एका देशातल्या यादवी युद्धाचा लेख. त्यावर दोन संपादक. पुलावर जे घडलं त्याला एक ‘चकमक’ म्हणे, दुसरा ‘कत्तल’. एकाने लिहायचं, दुसऱ्याने खोडायचं. रविवारपर्यंत समेट झाला नाही, तर कोशाचे वरिष्ठ दोघांनाही कायमचं काढणार होते.

“काढू देत की,” मी म्हटलं.

“नाय गो. तिकडची भाषा येणारी ही दोघंच हायेत. ती गेली तर लिहील कोण? मी?”

गावाकडे भांडण ऐकायला बसलं की पहिला प्रश्न ठरलेला. काकांनी तोच टाकला: तुम्ही कुठल्या गावचे, कोणाचे?

तासाभरात गहजब. तिथे सगळे टोपणनावाने लिहितात. युद्ध पेटलेल्या देशात गाव सांगणं म्हणजे जिवाशी खेळ. दोघा भांडखोरांचं पहिल्यांदाच एकमत झालं: हा मध्यस्थ नको.

“झाला की समेट!” वैशालीकाकू आतून ओरडल्या. “आता तरी वाल सोला.”

काकांनी प्रश्न पुसला, माफी मागितली. वरिष्ठांनी त्यांना रविवारपर्यंत राहू दिलं. मग वाल सोलता सोलता ते त्या दोघांसाठी सांगत गेले, मी टाइप करत गेले: आमच्याकडे बांधाला खांड पडली की खाडीचं पाणी भातात शिरतं. मग घरटी एक माणूस रांगेत उभा राहतो, चिखलाची ढेकळं हातोहात पुढे जातात. याला जोळ म्हणतात. कोर्टात भांडणारे सख्खे भाऊही शेजारी उभे राहतात. बोलायची सक्ती नाही. ढेकूळ तेवढं द्यायचं.

खाली एकच विनंती: प्रत्येकाने दुसऱ्याच्या बाजूचा एक पुरावा शोधून आणावा.

शुक्रवार कोरडा गेला. शनिवारी ‘चकमक’वाल्याने दवाखान्यातली मृतांची यादी आणली. त्यात शाळकरी मुलं होती. रविवारी सकाळी ‘कत्तल’वाल्याने एक बातमी आणली. पुलावरच्या काही जणांकडेही बंदुका होत्या.

“व्हय रे माझ्या राजांनो!” काका खुर्चीतून उठलेच.

दुपारपर्यंत तिघांनी मिळून चार वाक्यं ठरवली. दोघांनाही राहू दिलं.

एक प्रश्न उरला होता. काकांनी चर्चेच्या पानावर मथळा टाइप केला: पहिली गोळी कोणाची. तेवढ्यात शिफ्टची वेळ झाली.

“एवढं संपवून जा ना,” मी म्हटलं.

“बस जाईल माझी. नि ते माझं काम नाय, त्यांचं हाय.”

काका डबा घेऊन गेले. मथळ्याखालची जागा रिकामी होती. दोघेही ऑनलाइन दिसत होते.