मांजरीची पारख

वडील गेले त्या वर्षी मी माझगावला सुक्या मासळीच्या वखारीत कारकून होतो. लिहिण्यात मन लागत नसे, म्हणून मासळी पारखणाऱ्या माणसाकडे पाहत बसे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो बोंबील मोडायचा, डोळे मिटून हुंगायचा आणि पसंत पडला तर पोत्यावर गेरूची खूण करायचा. खूण नसलेलं पोतं सिलोनचा व्यापारी परत पाठवी.

एकदा त्याला असं पडसं झालं की वासच येईना. एक कोळीण सकाळपासून पोतं घेऊन खोळंबली होती आणि आगबोट दुपारी सुटणार होती. त्यानं शांतपणे वखारीतली मांजर उचलून पोत्यापुढे ठेवली.

"आता मांजर पारख करनार?" कोळणीनं विचारलं.

"मला ठेवलं तेव्हा शेटनं माझी परीक्षा हिच्याकडूनच घेतली, बाय. दहाही बोंबलांत आमचं एकमत झालं."

मांजरीनं बोंबलाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"नापास," तो म्हणाला.

कोळीण रडवेली झाली. "दादा, तिचं पोट भरलंय. तुमची वाट बघताना मीच तिला चार बोंबील घातले."

"कुठल्या पोत्यातले?"

"याच्यातलेच की."

"काही टाकलं तिनं?"

"काटासुदीक नाय."

"मग परीक्षा झाली की," म्हणत त्यानं गेरूत बोटं बुडवली.

संध्याकाळी ही गोष्ट वडिलांना सांगायची म्हणून मी भरभर घरी निघालो. भायखळ्याचा पूल ओलांडल्यावर मला आठवलं.