बाबांच्या वाटणीची भाकरी

परवा माझ्या तव्यावर भाकरी करपली आणि त्या वासानं जुळे सोलापूर भागातल्या आमच्या घरातली ती सकाळ डोळ्यांपुढं उभी राहिली. बाबांना जाऊन पंधरवडा झाला होता, तरी आईनं सवयीनं त्यांच्या वाटणीची भाकरी थापलीच. "आता ही कुणाला गं?" मी विचारलं. करपू लागलेली भाकरी उलटत ती म्हणाली, "असू दे की. कडक करून ठेवते, टिकंल." मंद आचेवर वाळवलेली ती भाकरी शेजारणीनं चाखली, दुसऱ्या दिवशी आणखी मागितल्या, आणि तिथून आईचा धंदा सुरू झाला. आता सात रस्ता चौकातल्या दुकानांत तिच्या कडक भाकरीची पाकिटं असतात, लोक तिच्या जिद्दीचं कौतुक करतात. पण अजूनही रोज पहिली भाकरी ती जाड, मऊ करते, बाबांना आवडायची तशी, आणि गरम राहावी म्हणून ताटाखाली झाकून ठेवते.