अकोल्याला नेलेली तलवार

कुंदे, फोन नीट कानाला लाव. आणि आधी मला थोडं बोलून घेऊ दे. नाशिकला बसून कुणाकडून तरी ऐकलंस की थोरलीची सून तलवारीने लढते, आणि लगेच फोन केलास, "घरात कोणी सांगणारं नाही का गं?" अगं, सांगणारी मी आहे ना घरात! तू अर्धं ऐकतेस आणि पुरती घाबरतेस, ही तुझी लहानपणापासूनची खोड. आता सगळं ऐक. मी स्वतः तिच्यासोबत अकोल्याला जाऊन आले.

आमची पल्लवी वलगावहून रोज अमरावतीला शाळेत शिकवायला जाते, हे तुला माहीत आहे. तिथल्याच एका मैत्रिणीने तिला हा नाद लावला. अंगभर पोलादी चिलखत, डोक्यावर शिरस्त्राण, हातात खरी पोलादी तलवार, आणि पंचांसमोर दोघींनी झुंजायचं. वर्षभर तिने सराव केला. चिलखत घालून अंगणात फिरायची तेव्हा शेजारचं कुत्रं भुंकून भुंकून थकायचं. अकोल्याची लढत ही तिची पहिली.

आमच्या ह्यांना मात्र हे प्रकरण पसंत नव्हतं. वर्षभर त्या लांब पिशवीकडे पाहिलं की मान फिरवायचे. पण या दसऱ्याला काय झालं कोण जाणे, खंडेनवमीला (शस्त्रपूजेच्या दिवशी) विळे-कुऱ्हाडींच्या रांगेत ह्यांनी पल्लवीची तलवारही मांडली. वर झेंडूची माळ! मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू. पल्लवी तेव्हा माहेरी, शेंदूरजनाघाटला होती. ती परतली ती निघायच्या आदल्या संध्याकाळी. तलवार तेल लावून फडक्यात गुंडाळलेली होतीच, तिने ती तशीच पिशवीत सरकवली.

चिलखत मैत्रिणीच्या गाडीतून पुढे गेलं होतं. तिचा नवरा, आमचा प्रशांत, कामासाठी बाहेरगावी, म्हणून सोबतीला मी. अमरावतीच्या स्टँडजवळ आम्ही गिला वडा (दह्यात भिजवलेला वडा) खाल्ला आणि अकोल्याची एसटी धरली. कंडक्टर तिकीट फाडता फाडता पिशवीपाशी थबकला.

"मॅडम, हे काय हाये?"

"तलवार," पल्लवी म्हणाली. लपवाछपवी तिच्या स्वभावातच नाही.

पुढच्या सीटवरचे दोघे वळून बघायला लागले. कंडक्टर एक पाऊल मागे सरकला. "धार हाये काय?"

"नाही हो दादा, बोथी असते. खेळाची आहे."

"मंग ठीक हाये. पण मावशी, भांडण झालं तर मले पहिले सांगजा, मी खाली उतरतो."

सगळी गाडी हसली. बडनेरा मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी काळी जमीन उलगडत गेली. सोयाबीन निघालेलं, तूर हिरवीगार, आणि कपाशीची बोंडं नुकती फुटायला लागलेली. मूर्तिजापूरला एक बाई टोपलीभर सीताफळं घेऊन चढल्या आणि माझ्याच पायांवर टोपली ठेवून झोपून गेल्या. अकोला येईपर्यंत मला पाय हलवता आले नाहीत.

लढती होत्या एका मंगल कार्यालयात. कुंदे, दारावरच्या पाट्या तशाच होत्या. अमरावतीच्या पोरी चिलखतं चढवायला "वर पक्ष" खोलीत, अकोल्याच्या "वधू पक्ष" खोलीत! मांडवाच्या जागी लाकडी कठड्याचा चौक आखलेला. आणि दारातच एका टेबलामागे मेश्राम मॅडम बसलेल्या. त्या आयटीआयमध्ये लेथ मशीन शिकवतात आणि इथे हत्यारं तपासतात. त्यांनी पास केल्याशिवाय सुई देखील आत जात नाही.

मी आपली खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले. त्या कामही करत होत्या आणि मला सांगतही होत्या. तलवारीची कड दोन मिलिमीटरहून पातळ चालत नाही. टोक गोल हवं आणि शिरस्त्राणाच्या डोळ्यांच्या फटीपेक्षा जाड हवं, म्हणजे चुकून लागलं तरी आत शिरणार नाही. मूठ हलता कामा नये, पात्यावर कुठे चीर नको, वजन ठरल्याहून जास्त नको. आणि शेवटची परीक्षा आपल्या वऱ्हाडाची. टेबलावर ताज्या कापसाचा ढीग होता. त्यातला पुंजका त्या कडेवरून मुठीपासून टोकापर्यंत फिरवायच्या. वार झेलून पोलादाला बारीक कुसळं येतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत, पण कापूस तिथे अडकतो. अडकला की "कानस घेऊन या" म्हणायच्या.

पल्लवीचा नंबर आला. मॅडमनी फडकं सोडलं, पुंजका कडेवर ठेवला आणि ओढला. कापूस अडकला नाही. त्याचे सरळ दोन तुकडे झाले.

मॅडमनी दोन्ही तुकडे उचलून तिच्यासमोर धरले.

"पल्लवी, हे काय करून आनलं तू?"

पल्लवी वाकून त्या कडेकडे बघायला लागली. "मॅडम, मी... मी पाहिलीच नाही."

माझ्या मात्र डोक्यात उजेड पडला. मी बाजूला जाऊन घरी फोन लावला. "अहो, तलवारीले धार तुमी लावली काय?"

"हावो!" ह्यांच्या आवाजात काय तोरा! "लोहाराकडं विळे देले, कुऱ्हाड देली, संगं ते बी देली. खंडेनवमीले घरात बोथं हत्यार ठेवतात काय? अन् पोरगी मैदानात जाऊन राहिली. लोक म्हंतीन, सासऱ्यानं साधी धार नाही करून देली. कशी झाली? कागद कापते म्हने लोहार!"

आता या माणसाला काय सांगावं? वर्षभर मान फिरवली आणि पहिल्यांदा माया दाखवली ती अशी. पल्लवीने माझ्या हातातून फोन घेतला. "बाबा, धार लय मस्त लागली. घरी आल्यावर बोलू आपण." आणि फोन ठेवून तिने डोळे पुसले.

मी मॅडमना विचारलं, "घासून परत बोथी नाही करता येत?"

"येते काकू. पण मशीनवर घाईनं घासलं का पोलाद तापते, त्याचं पानी, म्हंजे कडकपना, उतरते. मंग वार बसला का वाकते, नाही तं तडकते. हातानं हळूहळू घासा लागते. आज हे मैदानात जात नाही." त्यांनी मुठीला लाल चिकटपट्टी गुंडाळली आणि तलवार टेबलाखाली ठेवली. राग नाही, भाषण नाही. एवढंच म्हणाल्या, "आपलं हत्यार आपन पाहिल्याशिवाय घरून निघाचं नाही, पोरी."

पल्लवी पायरीवर जाऊन बसली. वर्षभराची मेहनत, आणि आता नुसतं बघायचं. मी पाठीवर हात ठेवला आणि तिच्याशेजारी टेकले. तेवढ्यात "वधू पक्ष" खोलीतून एक उंच मुलगी खणखणत आली. शबाना. पल्लवीची लढत होती ती हिच्याशीच.

"माझ्याजवळ दुसरी हाये. घे."

"अगं, पण तू तर माझ्याच समोर आहेस."

"मंग? तू नाही आली तर मी काय भिंतीशी लढू? जराशी भारी हाये, पन तुयापेक्षा कमीच."

पल्लवी हसली तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. शबानाची ती तलवार मॅडमनी पुन्हा मोजली, पुन्हा कापूस फिरवला. शबाना वैतागली, "मॅडम, सकाळीच तं पाहिली!"

"सकाळी तुह्या हातात होती. आता तुह्यावर चालनार हाये. पाहू नको काय?"

शबाना हसत शिरस्त्राण चढवायला गेली.

लढत सुरू झाली आणि मांडणीवरची सगळी पातेली एकदम कोसळावीत तसा आवाज. मी कानावर हात ठेवले, डोळे मात्र उघडेच. पल्लवी आधी दबली, मग सावरली. तिने एक वार शबानाच्या खांद्यावर टाकला आणि तो घसरला. मानेवर मारायचं नसतं, कडक नियम आहे. पण घसरलेल्या वाराला नियम कुठला? तलवार चिलखताच्या कडेवरून सरकत शिरस्त्राणाखाली गेली. पंचांनी हात वर केला. सगळे थांबले. शबानाचं शिरस्त्राण काढलं.

गळ्यावर एक लालसर वळ. बस, तेवढाच.

"काही नाही, चाला," शबाना म्हणाली आणि पुन्हा उभी राहिली. पण पल्लवी तिच्या गळ्याकडे बघतच राहिली, आणि मी टेबलाखालच्या त्या लाल पट्टीकडे.

शेवटी शबानाच जिंकली, थोडक्यात. मग दोघी एकमेकींना अशा भेटल्या की पुन्हा पातेली पडली. बाहेर गाडीवर सगळ्यांनी आलुबोंडा आणि झणझणीत रस्सा खाल्ला. शबाना मला म्हणाली, "काकू, सुनेले सांगा, पुढच्या खेपेस तिले माही तलवार देनार नाही, लय लागते तिच्या हातची." संध्याकाळी तिनेच आम्हाला असदगडावर नेलं. खाली मोर्णा नदी, पलीकडे दिवे लागत चाललेलं अकोला. वारा छान होता.

दुसऱ्या दिवशी घरी आलो तर हे ओट्यावर वाट पाहत. "जिंकली काय?"

"हरले बाबा," पल्लवी त्यांच्याजवळ खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं. काही झाकलं नाही, काही चढवलं नाही. शबानाचा गळाही सांगितला. ह्यांनी तलवार मांडीवर घेतली. लाल पट्टीवरून बोट फिरवलं.

"म्हंजे, मी देली ते तलवार त्या पोरीच्या मानेवर..." ह्यांचं बोट पट्टीवर थांबलं.

"पण गेली नाही ना, बाबा. त्यासाठीच तर तिथे मॅडम बसतात."

ह्यांनी तलवार पुन्हा फडक्यात गुंडाळली. मग म्हणाले, "पुढच्या टायमाले मले घेऊन चाल. त्या बाई कसं पाहतात ते मी पाहीन. अन् त्या अकोल्याच्या पोरीले जेवाले बोलाव. मले तिले एक डाव पाहाचं हाये."

कुंदे, मी समजत होते की खेळात जपतात ते स्वतःला. त्यासाठी तर एवढं चिलखत. तिथे जाऊन कळलं, ते टेबल दारात मांडतात ते समोरचीसाठी. आपल्या हातून तिला काय होऊ शकतं, ते आत जायच्या आधी बघायचं. संसारात तरी असं कोण बघतं गं?

तर शबाना येतेय येत्या रविवारी. ह्यांनी आत्तापासून वांगी कुठली आणायची ते ठरवून ठेवलंय. तूही ये. फोनवर काळजी करत बसू नकोस, गाडीत बस आणि ये. पल्लवी तुझ्या डोक्यावर ते शिरस्त्राण चढवणार आहे, मी कबूल करून बसलेय. ये गं लवकर, वाट पाहते.