मापावरची चिकटपट्टी

आमच्या खोऱ्यात जो तो रायफल घरीच जुळवतो. नळी एकीकडून मागवायची, नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट दुसरीकडून, आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर पसारा मांडून घरच्यांची बोलणी खायची. पण मर्ल हॉस्टेटरने पाहिल्याशिवाय पहिली गोळी कुणी झाडत नसे. चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस तो.

नळी आणि बोल्ट यांच्यामध्ये काडतूस नेमकं बसावं लागतं. फट जास्त राहिली तर काडतुसाची पितळी पुंगळी फुटते आणि जळता वायू थेट तोंडावर येतो. मर्लकडे काडतुसाच्या आकाराचं पोलादी माप होतं. ते आत घातल्यावर बोल्ट बंद झाला पाहिजे. मग मापाच्या बुडाला पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. आता बोल्ट अडला पाहिजे; तरीही बंद झाला तर फट जास्त. अडला की मर्ल नुसतं ‘हं’ म्हणायचा. त्या एका ‘हं’साठी माणसं डोंगर ओलांडून यायची. मी शाळेची बस चालवते, तोंडाची फटकळ आहे, पण त्याच्या टेबलापुढे मीसुद्धा मुकाट उभी राहायचे.

रक्तातल्या साखरेने आधी त्याचे पाय बधिर केले. बायको, वेल्मा, वारली आणि त्याने खाण्यापिण्याचं पथ्य सोडूनच दिलं. पुढे गरम कपाने बोट भाजलं तरी फोड आल्यावरच कळायचं. डॉक्टरला दाखव म्हटलं, तर म्हणे तू तुझी बस सांभाळ. आणि मी बया एरवी कुणाचं ऐकून न घेणारी, नेमकी तिथे गप्प बसले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू व्हायला चार दिवस होते. मागच्या कुरणात मी मर्लने पास केलेली माझी नवी रायफल पाच वेळा झाडली. पाचवी पुंगळी बुडाजवळ चिरलेली निघाली.  ती घेऊन तशीच मर्लकडे गेले.

त्याने पुंगळी पाहिली. खणातून माप काढून माझ्या हातात दिलं. मी बुडावरून नख फिरवलं आणि ते अडलं. कधीची तरी जुनी पट्टी तिथेच राहिली होती, तेल पिऊन पोलादाच्याच रंगाची झालेली. पट्टीसकट मापालाच हा बिचारा कोरं माप समजत होता, आणि दुसऱ्या तपासणीला तिच्यावरच नवी पट्टी लावत होता. रायफल तेवढी सैल राहायची, तरी याच्या तपासणीत बोल्ट अडायचा.

“मर्ल, इथे पट्टी आहे.”

त्याने अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. “कुठे?”

मी त्याचा अंगठा धरून पट्टीच्या कडेवर टेकवला.

“बोटाला काही लागत नाही, इर्मा,” तो म्हणाला.

मला रडूच फुटलं. तो रडला नाही. वसंत ऋतूपासून किती रायफली पास केल्या ते त्याने आठवून सांगितलं: माझी धरून चार. मग टोपी घातली आणि मला गाडी काढायला सांगितली.

पहिल्या घरी त्याने दारातच सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या घरचा माणूस हसला, म्हणाला आमची तर झकास चालते. रायफल गाडीत येईपर्यंत मर्ल त्याच्या पायरीवरून हलला नाही. प्रत्येक ठिकाणी बोटांचं तोच सांगायचा, मला बोलू द्यायचा नाही.

शेवटचं घर कोरिनचं. वृद्धाश्रमात कामाला जाते, पहिलीच रायफल तिची; उन्हाळाभर खपून जुळवलेली. तिला काही केल्या पटेना.

“अहो मर्लकाका, तुम्ही स्वतः तपासलीय की. मग भीती कशाची?”

“मी तपासलीय, पोरी. म्हणूनच परत मागतोय.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग ती आत गेली आणि रायफल घेऊन आली. हातात घेताना मर्ल स्वतःच्या बोटांकडे बघत होता, नीट धरलीय की नाही ते.