जेक्वेरी येते, बाकी काय येतं?

छोट्या ऑफिसात किस्से फार लवकर साठतात. मोठ्या कंपनीत काहीही झालं की मेल फिरतो, लोक वाचतात आणि विसरतात. आमच्याकडे माणसं तीन आणि खोली एक. नेट गेलं की हात थांबतात आणि तोंडं सुरू होतात. नेट आमच्याकडे बरंच जातं.

जर्मनीत शिकून मी महाडला परत आले, ती एकच गोष्ट मनाशी धरून. इथल्या मुलांना कामासाठी मुंबई गाठावी लागू नये. बाजारपेठेत हार्डवेअरच्या दुकानावरची खोली घेतली. प्राजक्ता कापड्याहून यायची, मंगेश नाते गावाहून. दोघंही पदवी घेऊन घरी बसलेले. त्यांना वेबसाइट बनवायला शिकवलं ते जेक्वेरीपासून. जेक्वेरी म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेला कोड. पानावर मेनू उघडायचा आहे, फोटो सरकवायचे आहेत, तर ते सगळं त्यात तयार मिळतं. कुणीही घ्यावं, वापरावं, पैसे लागत नाहीत. शिकायला सोपी, जुन्या फोनवरही चालते. आम्हाला याहून जास्त काय हवं होतं?

*

पोरगी नक्की काय करते ते बघायला एकदा प्राजक्ताचे बाबा आले. भातशेती करणारा माणूस. खुर्चीच्या अगदी कडेला बसले. मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं, की काका, जगभरातली माणसं मिळून हा कोड लिहितात आणि सगळ्यांना फुकट देतात.

"म्हंजे आमच्या सावडीसारखाच हाय," ते म्हणाले. "लावणीला ते आपल्या शेतात येतात, मग आपण त्यांच्या शेतात जायचं."

"अगदी तसंच," मी खूश झाले.

"मग तुमी कवा गेलात त्यांच्याकडं?"

मंगेश स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "काका, अजून बोलावणं नाय आलं."

गंमत म्हणून सगळे हसलो. पण जेक्वेरीतली एखादी चूक शोधून आपण दुरुस्त करून पाठवावी, असं मी त्या दिवशी ठरवलं होतं. ते राहूनच गेलं.

*

वरंधचे एक गृहस्थ घाटाजवळ घरगुती राहण्या-जेवण्याची सोय करतात. त्यांना वेबसाइट हवी होती. अट एकच.

"आमच्याकडं पावसात धुकं असतं. वेबसाइटवर पण धुकं पायजे."

जेक्वेरीत धुकं करणं अवघड नाही. मंगेशने दोन पांढरे ढग घेतले आणि पानावरून सावकाश सोडून दिले. मालक बेहद्द खूश झाले. आख्खा पावसाळा गेला, एक फोन नाही. मग लक्षात आलं, ढग नेमके फोन नंबरवर येऊन रेंगाळत होते आणि नंबर दाबला तरी बोट ढगावरच पडत होतं.

आम्ही माफी मागितली आणि धुकं काढून टाकतो म्हणालो. मालक घाबरले.

"धुक्याला हात लावू नका. नंबर हलवा."

*

पोलादपूरकडच्या एका शाळेची वेबसाइट दाखवायला आम्ही तिघंही गेलो होतो. मुख्याध्यापकांच्या खोलीत नेट इतकं हळू, की आमचं पान उघडलं पण जेक्वेरी काही येऊन पोचली नाही. ती आली नाही की काय होतं? मेनू मिटत नाहीत, फोटो सरकत नाहीत. सगळे मेनू सताड उघडे, सगळे फोटो एकाखाली एक, गणपतीपासून स्नेहसंमेलनापर्यंत. प्राजक्ताने डोळे मिटून घेतले.

मुख्याध्यापकांनी सगळं पान खालपर्यंत वाचलं. चष्मा काढून ठेवला.

"हे उत्तम झालं. मागच्या वेळी दाखवलंत तेव्हा काहीतरी लपवल्यासारखं वाटत होतं."

*

मंगेश मुलगी बघायला गेला. मुलीच्या मामांनी विचारलं, काय करतोस?

"वेबसाइट बनवतो."

"कुठं?"

"महाडला."

"मुंबईला कवा जाणार?"

मंगेशला माझी भाषणं तोंडपाठ होती. त्याने सांगितलं, की मामा, आता मुंबईला जायची गरजच नाही. इथे बसून बनवलेली वेबसाइट मुंबईतही दिसते.

मामांनी चहाची बशी खाली ठेवली. "वेबसाइट गेली ना मुंबईला? मग तू का नाय गेलास?"

लग्न काही जुळलं नाही. हा किस्सा मंगेश स्वतःच रंगवून सांगतो. पण सांगून झाल्यावर माझ्याकडे बघत नाही.

*

एका कॉलेजात मला बोलायला बोलावलं. विषय मीच सुचवलेला, 'सर्वांसाठी खुलं तंत्रज्ञान'. मी तळमळीने सांगितलं, की तुम्ही रोज ज्या वेबसाइट उघडता, त्यांतल्या कितीतरी या एका फुकटच्या जेक्वेरीवर चालतात. सरकारी असोत, मंदिराच्या असोत, भारतातल्या असोत की बाहेरच्या. टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"मॅडम, एवढी सगळीकडे हाय, तर नोकरीच्या जाहिरातीत का नाय?"

मी उत्तर दिलं. बराच वेळ दिलं. पाया, तत्त्व, स्वावलंबन, सगळं त्यात आलं. शेवटी नारळ देऊन माझा सत्कार झाला.

परत येताना प्राजक्ता स्कूटर चालवत होती, मी नारळ धरून मागे. सावित्री नदीच्या पुलावर तिने वेग कमी केला. मग मान न वळवता म्हणाली, "ताई, तिला उत्तर दिलंच नाहीत तुम्ही."

*

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिने मला सांगितलं, की ती मुंबईकडे नोकरीसाठी अर्ज करते आहे. भाऊ तिकडे आहे, त्याच्या खोलीत सोय होईल. लपूनछपून करत नव्हती, म्हणून जास्तच लागलं. मी तिला नको म्हणाले नाही. थांब, आपण नवीन तंत्र शिकू, एवढंच म्हणाले. शनिवार ठरवला. प्रत्येक शनिवारी कुठल्या तरी गिऱ्हाइकाचा मेनू उघडेनासा व्हायचा आणि शिकणं राहून जायचं.

तिची पहिली मुलाखत आमच्याच खोलीत झाली, लॅपटॉपवर. मी आणि मंगेश बाहेर जिन्यात बसलो. ती लवकर बाहेर आली.

"काय झालं?"

"विचारलं, काय काय येतं. मी म्हटलं, जेक्वेरी येते. म्हणाला, बाकी काय येतं?"

"मग?"

"म्हणाला, ती आता कुणी वापरत नाही. मी म्हटलं, सर, आम्ही वापरतो. तर म्हणाला, तेच."

मंगेश मोठ्याने हसला. ती हसली नाही, म्हणून तोही थांबला. मी तिला जे शिकवलं होतं ते चुकीचं नव्हतं, अजूनही नाही. पण त्या जिन्यात हे बोलून दाखवायची माझी हिंमत झाली नाही.

*

दुसरी मुलाखत नवी मुंबईत, समोरासमोर. समोर तीन साहेब. त्यातल्या सगळ्यात तरुण साहेबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "जेक्वेरी? ती तर मेली."

प्राजक्ता कापड्याची. तिकडे माणूस मेला म्हणायच्या आधी बघून येतात. तिने विचारलं, "सर, तुमच्या कंपनीची वेबसाइट उघडू का?" लॅपटॉप उघडला, पानामागचा कोड त्यांच्यासमोर धरला आणि एकेक जागा दाखवत गेली. हा मेनू जेक्वेरीचा. हा फोटो सरकतो तो जेक्वेरीने. हा फॉर्म भरताना चूक झाली की लाल होतो, तोही. तरुण साहेब पाण्याची बाटली उघडत बसले. मधले वयस्कर साहेब पोट धरून हसले आणि तिला घेऊन टाकलं.

आम्ही पेढे वाटले. तिची खुर्ची मंगेशने खिडकीकडे सरकवली, मग परत होती तिथे आणून ठेवली.

रुजू झाली त्या आठवड्यात तिचा फोन आला. खोली बरी आहे, भाऊ भात करपवतो, वगैरे झालं. मग मी विचारलं, "काम काय दिलंय?"

"ताई, वेबसाइटमधून जेक्वेरी काढून टाकायचीय. मोठे सर म्हणाले, कुठे कुठे आहे ते तुलाच माहितीय, तूच काढ."