दिवस कोणाच्या अंगावर टाकू?

नागपुरात जरीपटक्याच्या बाजारात मी पडद्याच्या कापडाचा भाव निम्म्यावर आणलेला आहे. प्लायवूडवाले, बिल्डर, स्वतःचे सासरे, सगळ्यांशी घासाघीस करत मी मॉड्युलर किचनचा धंदा उभा केला. आमच्या प्लॅनिंगवाल्या बाईंकडून मात्र मला कधी एक दिवस कमी करून घेता आला नाही.

कळमेश्वरच्या कारखान्यात बाई कामांचं वेळापत्रक मांडत. मी म्हणायचो, बेसाच्या फ्लॅटचे चार दिवस कमी करा. बाई चष्मा पुसत आणि विचारत, "करते ना भाऊ. ते चार दिवस कोणाच्या अंगावर टाकू? नाव सांगा." नाव सांगायचं ते त्या माणसाला बोलावून, त्याच्यासमोर. मी आरडाओरडा करायचो. तो संपला की बाई पुन्हा नाव विचारायच्या.

वेळापत्रक मांडण्याआधी त्या प्रत्येक फिटरला घरचं विचारत. कोणाची कपाशी वेचायला आली, कोणाच्या बहिणीचं लग्न. मला हा फालतूपणा वाटे. गजानन आमचा सर्वांत चांगला फिटर. गिऱ्हाईक त्यालाच मागायचं, म्हणून मी सगळी कामं त्यालाच देई. बाई त्यातली निम्मी काढून इतरांना वाटत. "चांगलं करते म्हणून त्याच्याच डोक्यावर काहून? तो बसला तर दरवाजे तुम्ही लावसान का?"

अशा बाईंना मी एकदा बेसाच्या बिल्डरकडे बैठकीला नेलं. माझ्याच गाडीतून. महिनाभरात त्यांनी तिथे नोकरी धरली. पगार जास्त आहे, एवढंच कारण सांगितलं. पगारवाढीची बोलणी मी करणारच होतो. त्यांनी बोलणीच होऊ दिली नाहीत. हे मी विसरलेलो नाही.

यंदा त्याच बिल्डरच्या अख्ख्या इमारतीचं काम माझ्याकडे आहे. तारीख चुकली की पुढची इमारत दुसऱ्याला, असं ठरलेलं. वेळापत्रक आता मीच मांडतो, त्यामुळे सगळे फ्लॅट गजाननकडे होते. मागच्या महिन्यात गजाननची पाठ धरली आणि तो घरी बसला. बिल्डरकडच्या तारखा बाई ठरवतात, म्हणून मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो. गजाननच्या पाठीचं सांगितलं. एक आठवडा हवा होता, म्हणून दोन मागितले.

बाईंनी चष्मा पुसला. "गजाननकडे किती फ्लॅट होते?"

मी सांगितलं.

"दोन आठवडे घ्या. पण तुम्हाले नाही भाऊ, त्याले देऊन राहिली. तो बरा होईपर्यंत फ्लॅट बाकीच्यांमंधी वाटा."

माझ्याशी भाव न करता कोणी मागितलं तेवढं दिलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. आणि त्यातला एकही दिवस माझा नव्हता.